बारीक आवाज खाणारी वायर

ज्या माणसाचे माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत, तो माणूस वायर चावून बघतो.

त्यांचं नाव किसनतात्या. मुक्काम पिंपळवंडी, वीज खात्यातून निवृत्त झालेले वायरमन. नारायणगावच्या दुकानात वायरचं बंडल पुढ्यात आलं की तात्या त्याचं टोक दाढेखाली धरतात, वरचं प्लॅस्टिक सोलून बाजूला थुंकतात, आतली तार जिभेवर ठेवतात आणि डोळे मिटतात. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपापली कामं थांबवून बघत राहतात. एकदा कामावर नवीनच लागलेला एक विक्रेता घाबरून पाणी आणायला पळाला होता.

"तांबं नाय ह्ये," डोळे उघडून तात्या निकाल देतात. "तांब्याचा रंग दिलाय."

"तात्या, कंपनीचा माल हाय. छाप बघा की वरचा."

"छाप उद्या माझ्या पाठीवर मारशील. म्हणून काय मी कंपनीचा झालो?"

"अहो, लेबलवर लिहिलंय, शंभर टक्के तांबं."

"मी नाय मानत."

हे तात्यांचं आवडतं वाक्य. हवामानखातं म्हणालं पाऊस येणार, तात्या म्हणाले, मी नाय मानत. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, तात्यांनी तेही मानलं नाही. मात्र त्यांचं न मानणं नुसतं बसून नसतं. ते लगेच पुरावा गोळा करायला लागतात. पावसासाठी तीन दिवस ओट्यावर पातेलं ठेवून बसले होते.

निवृत्त माणसाला वायर कशाला लागते, असं तुम्ही विचाराल. तात्यांना ती गाणी ऐकायला लागते.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत फळीवर एक मशीन आहे. त्याचा सांगाडा तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा. वर चार काचेचे व्हॉल्व्ह, लहान वांग्याएवढे. लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकर लावणाऱ्या एका माणसाने जुना अँप्लिफायर भंगारात काढला, तो तात्यांनी उचलून आणला आणि स्वतःच्या हाताने नव्याने बांधला. शेजारी कॅसेट प्लेअर, त्याच्यालगत एका व्हॉल्व्हची छोटी पेटी. आवाज कॅसेटमधून आधी त्या पेटीत येतो, तिथून वायरीने मोठ्या मशीनमध्ये जातो आणि मग बाभळीच्या फळ्यांच्या दोन खोक्यांतून बाहेर पडतो. बटण दाबल्यावर लगेच काही होत नाही. आधी काचेच्या आत शेगडीतल्या निखाऱ्यासारखा लाल ठिपका दिसायला लागतो. आपण घाई केली की तात्या म्हणतात, "दोन मिन्टं दम धर. तापू दे. तू तरी उठल्या उठल्या गातो का?"

गावात बिबट्या आला की लोक घरात जातात. तात्यांनी मशीन लावलं तरी जातात, कारण ओट्यावर दिसलेल्या माणसाला ते हाताला धरून आत नेतात आणि ऐकायला बसवतात.

तात्यांच्या भाषेत आवाजाच्या दोनच जाती. जाड आणि बारीक. ढोलकीची थाप, पेटीचा खालचा सूर, डीजेचा छातीत बसणारा धक्का, हे जाड. टाळ, घुंगरू, चिमणी, बोलण्यातले स आणि श, हे बारीक. बाजारातल्या मशीनवर ज्या बटणाखाली ट्रेबल असं लिहिलेलं असतं, ते बारकाचं बटण. तात्यांना जाड आवाजाचं काडीचं कौतुक नाही. "जाड काय, पाण्याचं पिंपबी वाजवतं. बारीक वाजवून दाव."

आणि गेली चार-पाच वर्षं तात्यांची सगळ्या जगाविरुद्ध एकच तक्रार आहे. वायर बारीक खाते.

मशीन तेच, व्हॉल्व्ह तेच, कॅसेटी त्याच, पण बारीक आवाज पूर्वीसारखा येत नाही. मग तो जातो कुठे? मधे फक्त वायर आहे. म्हणजे वायर खाते. एवढं साधं गणित मांडून तात्या चांगल्या वायरच्या शोधाला लागले. त्यांनी टेलिफोनची वायर लावून बघितली. डिशची लावली. ट्रॅक्टरच्या बॅटरीची लावली. वेल्डिंगच्या दुकानातली मनगटाएवढी केबल खोक्याला जोडली, तर तिच्या वजनाने खोकं फळीवरून खाली आलं आणि तात्यांच्या पायाचा अंगठा महिनाभर काळा होता. एकदा तर शेजारच्या विहिरीवरची मोटार दुरुस्तीला वर काढली होती, तिची चपटी केबल तात्या 'जरा बघतो' म्हणून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी शेतमालक दारात.

"तात्या, रानात टमाटी माना टाकाया लागली अन् तुमी गाणी ऐकताय व्हय?"

"थांब की जरा. एवढं एक कडवं हुं दे."

"कडवं? अहो, मोटार हाये ती!"

"मंग? तिला ऐकू येतंय का?"

सगळ्यात मोठा विरोधक वारूळवाडीचा डीजेवाला. त्याला सगळे पप्पूशेठ म्हणतात. त्याच्या गाडीवर भिंतीएवढे स्पीकर आहेत आणि ते लागले की लोकांच्या घरातली भांडी मांडणीवरून खाली उतरतात. तो तात्यांना प्रेमानेच चिडवायचा.

"तात्या, ह्ये एखाद्या म्युझियमला देऊन टाका राव. माझ्याकडं दहा हजार वॉट हायेत."

"तुझ्या दहा हजार वॉटनी म्हशी पान्हा चोरत्यात. माझ्या बारा वॉटनी आजारी माणूस उठून बसतो."

"पण वायरनी काय व्हतंय? करंट गेला, आवाज आला. इषय संपला."

"मी नाय मानत."

गाव पप्पूशेठच्या बाजूने होतं. चहाच्या टपरीवर कुणाचा फोन नीट लागेना, तर लोक म्हणायचे, तात्याला दाखवा, वायर चावून सांगेल. आणि मला सांगायला लाज वाटते, पण त्या हसण्यात एकदा मीही होतो.

माझे आई-वडील दोघंही राजुरीकडच्या लोकांच्या रानात रोजाने जायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी बारावीत फिजिक्समध्ये नापास झालो, तेव्हा घरात कुणी रागावलंही नाही. नापास होणं हेच स्वाभाविक, असं सगळ्यांनी धरलं होतं आणि मला टोमॅटोच्या मार्केटात क्रेट उचलायला पाठवायचं ठरत होतं. तात्या आमच्याच वस्तीतले. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून आत आले.

"कशात गेला?"

"फिजिक्स."

"म्हंजी करंट का?"

"करंट पण असतो त्यात."

"मंग मला इचार की. त्यानी मला दोनदा धरलंय. आमची जुनी वळख हाये."

माझ्या वडलांना ते म्हणाले, "पोरगं लई हुशार नाय. पण हट्टी हाय. करंटला हट्टीच लागतो."

तात्यांना पुस्तक येत नव्हतं. त्यांनी मशीनचं झाकण काढलं आणि म्हणाले, "आवाज हितून निघतो, हितं मोठा व्हतो, हितून भायेर जातो. मधी मी एक तार सोडलीय. कंची, त्ये तू शोध." चार महिने रोज ते एक तार सोडायचे आणि मी शोधायचो. ऑक्टोबरला मी पास झालो, आणि पास होऊनही त्यांनी दुसऱ्या दिवशी एक तार सोडलीच होती.

पुढे पुण्याच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीसाठी अर्ज करायला तात्याच माझ्याबरोबर आले. अर्ज घेण्याचा शेवटचा दिवस होता. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटेपालटे केले आणि एका दाखल्याची मूळ प्रत नाही म्हणून सगळे परत सरकवले. मूळ प्रत चार दिवसांनी मिळणार होती. मी कागद गोळा करायला लागलो. आमच्या घरातल्या माणसाला कुणी कागद परत दिले की तो गोळा करतो, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो.

तात्यांनी गोळा केले नाहीत. ते खिडकीच्या बाजूच्या दारातून सरळ आत गेले. खिशातला टेस्टर काढला आणि कारकून ज्या लोखंडी कपाटाला पाठ टेकून बसला होता, त्याला लावला. टेस्टर पेटला.

"सायेब, हितं अर्थिंग नाय. तुमी करंटला टेकून बसलाय."

कारकून खुर्चीसकट पुढे सरकला. "मग? आता?"

"आता मी त्येचा अर्ज लिहितो. तुमी घ्या अन् पोच द्या. ह्या पोरानीबी एक अर्ज लिहिलाय. तुमी तोबी घ्या अन् पोच द्या. मूळ कागद चार दिसांनी येतोय, अन् अर्थिंगबी. काय?"

आत एक साहेब बसले होते. ते हे सगळं ऐकत होते. ते हसले आणि माझा अर्ज घ्यायला सांगितलं. तात्यांनी चार दिवस वाट पाहिली नाही. माझी पोच खिशात घातली आणि बाहेरच्या दुकानातून तार आणून त्याच दुपारी अर्थिंग जोडून दिलं. तार त्यांनी आधी चावून बघितली हे सांगायला नको.

मी पदवीधर झालो. आता मंचरला एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत शिकवतो. नव्या शिक्षकाला सगळंच येत असतं, तसं मलाही येत होतं. गेल्या वर्षी एका रविवारी तात्यांकडे गेलो, तर ते जाळीच्या काळ्या जाड वायरचं नवं भेंडोळं घेऊन बसले होते. मधे तांब्याची तार, भोवती तांब्याची विणलेली जाळी, वर दोन पदरी रबर. त्यांच्या मते आतापर्यंतची ही सगळ्यात मजबूत वायर होती. तरीही बारीक येत नव्हतं.

मी म्हणालो, "तात्या, खरं सांगू का? घरातल्या एवढ्याशा वायरने कानाला कळेल असा काही फरक पडत नाही."

तात्यांनी चष्मा काढला. "कालिजात ह्येच शिकवलं?"

"हो."

"मंग तुला तिथं न्हेऊन चूकच केली मी."

नेमका पप्पूशेठ कसलीशी पक्कड मागायला दारात आला होता. तो म्हणाला, "आता तर तुमचा इद्यार्थीच सांगतोय तात्या."

"मी नाय मानत. तुझंबी नाय अन् ह्येचंबी नाय. परीक्षा घ्या माझी. पप्पू, बस. तूबी बघ."

परीक्षा अशी ठरली. माझ्या पिशवीत प्रयोगशाळेत जोडलेली एक तांबडी वायर होती, दोन हात लांबीची, साधी. छोट्या पेटीपासून मोठ्या मशीनपर्यंत एकदा तात्यांची काळी वायर लावायची, एकदा माझी तांबडी, मनाला येईल त्या क्रमाने, दहा वेळा. तात्यांनी डोळ्यांना टॉवेल बांधून नुसतं ऐकून सांगायचं. कॅसेट तात्यांनीच दिली. गाण्याच्या कुठल्याशा कार्यक्रमाची जुनी, घरीच भरलेली. पप्पूशेठने बरोबर उत्तरं बोटांवर मोजायची.

मी तांबडी लावली. टॉवेलखालून तात्या म्हणाले, "काळी."

आत भाकरी थापत असलेल्या शेवंताकाकी तिथूनच ओरडल्या, "तांबडी!"

काकी नेहमीच ओरडून बोलतात. त्या दोघांचं पटत नाही असा निम्म्या गावाचा समज आहे. त्यामुळे आम्हाला वाटलं, नवऱ्याला उगाच खोडून काढताहेत.

मी काळी लावली. "काळी," तात्या म्हणाले. "काळी," आतूनही आलं. परत काळीच ठेवली. "तांबडी," तात्या म्हणाले. भाकरी थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि आतून उत्तर आलं, "अहो, काळीच हाय की अजून!"

चौथ्या खेपेपासून मी तात्यांकडे बघायचं सोडलं आणि काकींची उत्तरं मनात टिपायला लागलो. मधे भिंत होती. त्यांना आमचे हातसुद्धा दिसत नव्हते. दहा झाल्यावर पप्पूशेठने आपल्या बोटांकडे बघितलं. तात्यांची पाच बरोबर होती. म्हणजे नाणं उडवून जेवढी आली असती तेवढी. काकींची दहाच्या दहा.

"आयला," पप्पूशेठ हळूच म्हणाला, "म्हंजी फरक हाय!"

तात्यांनी टॉवेल ओढून काढला. "हाय ना? हाय ना फरक? मी काय सांगत व्हतो? अरे, चार वर्सं सांगतोय! टपरीवर जाऊन सांग, पप्पू. सगळ्यान्ला सांग. वायर खाती म्हणावं!" ते उभे राहिले होते. त्यांनी माझ्या पाठीत एक जोरदार थाप मारली. माझं शिक्षण हरलं होतं आणि मला त्या क्षणी त्याचं काहीच वाटलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "मला किती आले बरोबर?"

पप्पूशेठने बोटं मिटून घेतली. तो वाईट माणूस नाही. "मी येतो तात्या, गाडी उन्हात उभी हाय," म्हणून पक्कड न घेताच निघून गेला.

काकी पिठाचे हात घेऊन दारात आल्या. मी विचारलं, "काकी, तुम्ही कसं ओळखलं?"

"त्यात काय वळखायचं? तांबडीला झांज मोकळी वाजती. काळीला गोधडीत गुंडाळल्यावानी वाजती."

तात्या त्यांच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "तांबडी लाव."

मी तांबडी लावली. तात्या खोक्याजवळ खाली बसले आणि जाळीला कान लावला. गाणाऱ्याच्या मागे, बऱ्याच लांबून, चांदीच्या बारीक थेंबासारखी झांज वाजत होती. मला स्पष्ट ऐकू येत होती.

"कुठाय?" तात्यांनी विचारलं.

"आता वाजतेय की तात्या."

ते तसेच बसून राहिले. गाणं संपलं तरी बसून होते. मग म्हणाले, "ही राजुरीची कॅसेट. जयंतीचा कार्यक्रम. आमच्या भागातली गायन पार्टी व्हती, मी नुस्ता टेप धरून बसलेलो. त्या पार्टीत मागच्या रांगेला झांजेवर ही व्हती. तवा आमचं लगीन नव्हतं झालं. पुढं पोरं झाली, हिचं गाणं-वाजवणं सुटलं. झांज एवढ्या कॅसेटमधीच ऱ्हायली. लई वर्सं ऐकली. आता चार-पाच वर्सं झाली, सापडतच नाय. म्हनलं, वायर खाती."

काकी आत निघून गेल्या. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. भाकरी करपू द्यायचा त्यांचा स्वभाव नाही.

मी काय सांगायला हवं होतं ते मला त्याच वेळी कळलं होतं. पण ज्या माणसाने मला सोडलेली तार शोधायला शिकवलं, त्याला तार कुठे सुटली आहे हे तोंडावर सांगण्याचा धीर मला झाला नाही. मी म्हणालो, "तात्या, तुम्ही दमलात. आज कान थोडे..."

"कान ठणठणीत हायेत माझे. मी नाय मानत." पण या वेळी ते हळू म्हणाले, आणि भिंतीकडे बघून म्हणाले. मग काळ्या वायरचं ते भेंडोळं उपसून माझ्या पिशवीत कोंबलं. "न्हे तुझ्या प्रयोगशाळेत. चीर तिला. काय खाती अन् कसं खाती त्ये बघ, अन् मग ये."

फाट्यापर्यंत काकी मला सोडायला आल्या.

मंचरला आल्यावर दोन दिवस मी ती वायर मीटरवर लावून मोजत होतो. तिसऱ्या दिवशी तात्यांना पत्र लिहिलं. मंचर ते पिंपळवंडी एसटीने फार लांब नाही, तरी पोस्टाने पाठवलं. तात्यांवर हसणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं असं मला वाटतं, म्हणून त्यांच्या परवानगीने इथे देतो.

*

आदरणीय तात्या,

सप्रेम जय भीम.

फोन करणार होतो. पण हल्ली फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि ठेवून देता. म्हणून पत्र.

पहिली गोष्ट, तुम्ही बरोबर होता आणि मी चूक. मी मोजून बघितलं. वायर बारीक खाते. तुमच्या छोट्या पेटीतल्या व्हॉल्व्हमधून निघणारा आवाज अंगाने अशक्त असतो. जाळीच्या वायरीत मधली तार आणि भोवतीची जाळी एकमेकींना इतक्या चिकटून असतात की बारीक आवाज पुढे जायच्या आधीच एकीतून दुसरीत उतरतो. वायर जितकी लांब, तितका जास्त उतरतो. जाड आवाज मात्र शेवटपर्यंत पोचतो. हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवतो. तुमच्यासमोर मात्र वही न उघडता नाही म्हणून मोकळा झालो. गावाबरोबर एकदा मीही हसलो होतो, तेही सांगून टाकतो. दोन्हीबद्दल माफी मागतो. आता कुणी हसलं तर माझ्याकडे पाठवा, मी मीटर घेऊन बसतो.

दुसरी गोष्ट. दोष वायरच्या जातीत कमी आणि लांबीत जास्त होता. पेटीपासून मशीनपर्यंत दोन हात वायर पुरते. तुमचं भेंडोळं मी मोजलं, ते बावीस हात भरलं. वीस हात तुम्ही फळीमागे गुंडाळून ठेवले होते, पुढं लागेल म्हणून. टेलिफोनची आणि डिशची वायरसुद्धा तुम्ही तशीच न तोडता जोडली होती, मला आठवतं. जन्मभर खांबावर काम केलेला माणूस वायर तोडत नाही, जादा ठेवतो, आणि खांबावर ते बरोबरच आहे. पण इथे त्या वीस हातांत सगळा बारीक आवाज मुरत होता. तुम्ही वायर जितकी मजबूत आणि जितकी भरपूर आणलीत, तितकं नुकसान वाढलं. माझी तांबडी तुमच्याकडेच आहे, ती राहू द्या.

तिसरी गोष्ट लिहायला मी तीन कागद फाडले. तात्या, तांबडी लावल्यावर झांज काकींना ऐकू आली, मला आली. ती वायरीतून सुटली होती. पुढे तुमच्या कानात अडली. वय झालं की कान आधी बारीक आवाज सोडतो, जाड तसाच ऐकू येत राहतो. म्हणून माणसाला वाटतं, आपले कान शाबूत आहेत, लोकच पुटपुटतात. काकी इतकी वर्षं का ओरडून बोलतात, याचा तुम्ही कधी विचार केलात का? गाव त्यांना भांडखोर म्हणतं. त्यांनी ते म्हणू दिलं, पण तुमच्या कानांचं नाव कुणाजवळ काढलं नाही.

तुम्ही म्हणाल, मी नाय मानत. मानू नका. तुम्ही माझ्यासमोर परीक्षा मागितलीत, तशी अजून एक द्या. इथे मंचरला एक कानाच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्या बंद खोलीत बसवतात, एकेक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. कागदावर रेघ निघते. रेघ खोटी वाटली तर त्यांच्याशी खुशाल भांडा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. खरी निघाली तर त्या कानात घालायचं मशीन देतात. लोक टपरीवर बोलतील. बोलू देत. लोकांचं ऐकून चालला असतात तर मी आज क्रेट उचलत असतो.

आता शेवटचं. फाट्यावर काकी मला म्हणाल्या, "ती झांज ह्यांना सापडली नाय तेच बरं. दोन जागी चुकलीय मी तिच्यात." मी म्हणालो, तुम्ही कशा चुकाल, इतका हात बसलेला असताना? त्या म्हणाल्या, "समोर टेप धरून एक जण बसला व्हता, तो सारखा बघत व्हता माझ्याकडं. दोनदा मीबी बघितलं." एवढं बोलल्या आणि एसटीची वाट न बघता पदर सावरत मागे फिरल्या.

त्या दोन जागा कुठे आहेत ते मी तुम्हाला सांगणार नाही. शनिवारी सकाळी नऊला फाट्यावर येतो. काकींनाही घेऊन या.

तुमचा,
विजय